पेल्यावरचं गाव

कोलोनच्या कॅथेड्रलवर जवळजवळ चारशे वर्षं एक लाकडी यारी उभी होती. यारी म्हणजे आजच्या भाषेत क्रेन. बांधकाम १२४८ मध्ये सुरू झालं, सोळाव्या शतकात थांबलं आणि दक्षिणेकडच्या अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवणारी ती यारी तशीच राहून गेली. १८४२ मध्ये काम पुन्हा हाती घेतलं गेलं, १८६८ मध्ये यारी उतरवली आणि १८८० मध्ये दोन्ही मनोरे पुरे झाले. त्यामुळे कोलोनचं चित्र असलेला जुना पेला हाती आला की जाणकार आधी मनोऱ्याकडे बघतो. यारी दिसली, तर मूळ चित्र १८६८ च्या आधीचं. मनोरे पुरे दिसले, तर मात्र ‘१८८० नंतरचा’ म्हणून मोकळं होता येत नाही. सुल्पित्स बॉइसरे या कॅथेड्रलप्रेमीने जुन्या आराखड्यांच्या आधारे पूर्ण कॅथेड्रलची चित्रं १८२० च्या दशकातच छापायला घेतली होती. जमिनीवर नसलेले मनोरे कागदावर उभे होते, आणि कागदावरचं चित्र काचेवर यायला वेळ लागत नव्हता.

हातात मावेल अशा पेल्यात एवढं सगळं असतं. एखाद्या शहराचं, पुलाचं, झऱ्याचं किंवा इमारतीचं चित्र असलेले हे आठवणीचे पेले एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत फार मोठ्या संख्येने तयार झाले. आज ते संग्रहालयांत आहेत, लिलावांत आहेत आणि जुन्या बाजारातल्या पथाऱ्यांवरही आहेत. ते जमवणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ पडतात. पहिला पेल्याकडे कलावस्तू म्हणून बघतो आणि चित्रकाराचं नाव शोधतो. दुसरा आपल्या गावाचा शोध घेतो. त्याला काच कशीही चालते, गाव आपलं हवं. तिसऱ्याला त्यावरचं माणसाचं नाव आणि साल महत्त्वाचं वाटतं. या तिघांत खरं मोल कशाचं, हा या छंदातला जुना प्रश्न. माझं मत आधीच सांगतो. महागडा पेला चित्रकाराबद्दल बोलतो, स्वस्त पेला प्रवाशाबद्दल. आणि दोघांना एका फळीवर शेजारी ठेवल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही.

पाण्याची गावं, काचेचा मुलूख

या गोष्टीचं माहेर बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम आणि मधला भाग. तिथल्या पश्चिम टोकाला औषधी झऱ्यांची तीन गावं आहेत : कार्ल्सबाद, मारियनबाद आणि फ्रान्झेन्सबाद. (चेक नावं अनुक्रमे कार्लोव्ही व्हारी, मारियान्स्के लाझ्ने आणि फ्रान्टिश्कोव्ही लाझ्ने.) कार्ल्सबादच्या ‘श्प्रूडेल’ या मुख्य झऱ्याचं पाणी सुमारे ७३ अंश सेल्सिअस तापमानाचं, उसळून वर येणारं. पोटाच्या नि यकृताच्या तक्रारींवर वैद्य हे पाणी सांगायचे. सकाळी उठून पेला हातात घ्यायचा, झऱ्यावर भरायचा, कमानींखाली फेऱ्या मारत घोट घोट प्यायचा, आणि असं काही आठवडे करायचं. जर्मन महाकवी ग्यॉटे १७८५ ते १८२३ या काळात अनेकदा कार्ल्सबादला येऊन राहिला. राजे, सेनापती, गायक, व्यापारी, सगळे त्याच रांगेत पेला घेऊन उभे असत.

म्हणजे हा पेला मुळात आठवण म्हणून जन्माला आला नाही. ते औषध घ्यायचं भांडं होतं. मुक्काम संपल्यावर तेच घरी नेलं जायचं आणि त्याची आठवण व्हायची. आपल्याकडे काशीयात्रेहून गंगेचा सीलबंद गडू येतो आणि मावंद्याला त्याची पूजा होते. तिथे पाणी घरी येतं, गडू त्याचं निमित्त. कार्ल्सबादहून पाणी पोटात जायचं आणि भांडं घरी यायचं. पाण्याने गावाशी जोडलेलं नातं भांड्यात जपायचं, ही ओढ मात्र दोन्हीकडे तीच.

झरे पश्चिमेला, तर काच उत्तरेला. हायडा म्हणजे आजचं नोव्ही बोर आणि श्टाइनशोनाऊ म्हणजे कामेनित्स्की शेनोव्ह ही तिथली काचेची गावं. श्टाइनशोनाऊला १८५६ मध्ये काचकामाची शाळा निघाली. ती आजही चालू आहे. याच हायडात फ्रीडरिख एगरमान (१७७७–१८६४) या कारागिराने पारदर्शक काचेच्या पृष्ठभागात रंग मुरवण्याचं तंत्र सिद्ध केलं. चांदीच्या क्षारांनी पिवळा, मधासारखा. तांब्याच्या क्षारांनी माणकासारखा लाल. लाल रंगासाठी त्याला बरीच वर्षं घालवावी लागली आणि १८३० च्या दशकात तो साधला. लेप लावून पेला पुन्हा भट्टीत घातला की रंग काचेच्या वरच्या अगदी पातळ थरात बसतो. मग तो थर कोरला की खालची बिनरंगी काच उघडी पडते, आणि लाल पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचं गाव उभं राहतं. पूर्ण लाल काचेपेक्षा हे किती तरी स्वस्त. आठवणीच्या पेल्यांचा बाजार या एका शोधाने रुंदावला.

कोरणाऱ्याचं कामही समजून घेण्यासारखं आहे. त्याच्यासमोर तांब्याची लहान चाकं फिरत असतात. काही रुपयाएवढी, काही टाचणीच्या डोक्याएवढी. चाकाला तेलात कालवलेली कुरुंदाची बारीक पूड लावायची आणि पेला चाकाच्या खालून वर दाबायचा. त्यामुळे जिथे काच कापली जाते, नेमकी तीच जागा चाकाआड दडते. कोरणारा मग हाताला लागणाऱ्या दाबावर आणि कानावर पडणाऱ्या आवाजावर काम करतो. झाडाची पानं, खिडक्यांच्या ओळी, कमानीखालची माणसं, सगळं त्याने अशा अर्धवट अंधारात केलेलं असतं. डोमिनिक बीमान (१८००–१८५७) हा यातला थोर कारागीर. उन्हाळ्यात तो फ्रान्झेन्सबादला मुक्काम टाकायचा आणि तिथे आलेल्या पाहुण्यांचे चेहरे काचेवर कोरून द्यायचा.

काचेत शिरलेला उजेड

चित्रकलेच्या दृष्टीने सर्वांत उंच पायरी मात्र ड्रेस्डेन आणि व्हिएन्नाची. सामुएल मोन (१७६२–१८१५) मुळात चिनी मातीच्या भांड्यांवर रंगकाम करणारा. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने पेल्यांवर पारदर्शक मिन्याने शहरांची चित्रं काढायला सुरुवात केली. आधीचा मिना अपारदर्शक असायचा, काचेवर चिकटवल्यासारखा. मोनच्या रंगांतून उजेड आरपार जायचा. चर्चच्या रंगीत खिडकीतला उजेड हातातल्या पेल्यात यावा तसा. त्याचा मुलगा गोटलोब सामुएल मोन १८११ मध्ये व्हिएन्नाला गेला. त्याच्यामुळे तिथल्या पोर्सेलीन कारखान्यातला चित्रकार आंटोन कोटगासर (१७६९–१८५१) या कामाकडे वळला. कोटगासरचे पेले वरून रुंद, खाली निमुळते, आणि तळाशी चक्राच्या दात्यांसारखे जाड कंगोरे. सेंट स्टीफन कॅथेड्रल, शोनब्रुन राजवाडा, व्हिएन्नाचे चौक अशी चित्रं; भोवती सोनेरी चौकट.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थोरल्या मोनच्या कार्यशाळेतही चित्राची रेघ दर वेळी हाताने काढलेली नसायची. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर उठवलेली बाह्यरेषा काचेवर उतरवायची आणि मग रंग भरायचे. ‘हातचं एकमेव चित्र’ आणि ‘छापील माल’ यांच्यामधली भिंत अगदी सुरुवातीपासूनच पातळ होती. चित्रांचे पेले जमवणाऱ्याने त्याच काळातली छापील नगरचित्रं पाहायलाच हवीत, ती यासाठी. तोच कोन, तेच झाड, तीच पुढची बोट किती पेल्यांवर फिरलेली असते, हे तिथे कळतं.

लोखंडी पूल आणि जत्रेतला काच कारखाना

इंग्लंडची कहाणी वेगळी. तिथे राजवाड्याऐवजी पूल मिरवला गेला. सन्डरलंडला वेअर नदीवर १७९६ मध्ये ओतीव लोखंडाचा एका कमानीचा पूल खुला झाला. दोनशे छत्तीस फुटांची ती कमान त्या काळी नवल होती. खालून शिडाची जहाजं जायची. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत त्या भागातल्या बुटक्या, रुंद तोंडाच्या, आखूड दांड्याच्या पेयपात्रांवर हा पूल पुन्हा पुन्हा कोरला गेला. एका बाजूला पूल आणि जहाज, दुसऱ्या बाजूला मालकाची आद्याक्षरं, क्वचित साल. १८५० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन्सनने तो पूल जवळजवळ नव्याने बांधला, १९२९ मध्ये तिथे आजचा पूल आला. पहिल्या पुलाची कमान आता अशा पेल्यांवर आणि जुन्या चित्रांतच राहिली.

अमेरिकेत या छंदाला खऱ्या अर्थाने लोकांचा हात लागला. साच्यात दाबून काचेची भांडी करण्याचं यंत्रतंत्र तिथे १८२० च्या दशकात रुळलं. १८६४ मध्ये व्हीलिंगच्या कारखान्यात विल्यम लेटन यांनी शिशाऐवजी सोडा आणि चुना वापरून स्वच्छ काच तयार केली, आणि किंमत आणखी उतरली. १८७६ च्या फिलाडेल्फिया शतसांवत्सरिक प्रदर्शनात गिलिंडर कंपनीने चक्क प्रदर्शनाच्या आवारात काच कारखाना चालवला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात टोलेडोच्या लिबी कंपनीने तेच केलं. लोक काच ओतताना बघायचे आणि जाताना तीच काच घरी न्यायचे. १९०४ मध्ये सेंट लुईसला प्रदर्शनाच्या इमारती पेल्यांवर उठावात आल्या.

यात एक मन हलवणारी गोष्ट आहे. शिकागोच्या त्या पांढऱ्याशुभ्र भव्य इमारतींपैकी बऱ्याचशा प्लॅस्टर आणि तागाच्या मिश्रणाने मढवलेल्या, फक्त प्रदर्शनापुरत्या होत्या. १८९४ च्या आगीत त्यांतल्या अनेक जळून गेल्या. दगडाच्या वाटणाऱ्या इमारती वर्षभरात संपल्या आणि हातातून पडला तर फुटेल असा पेला सव्वाशे वर्षं टिकला.

प्रदर्शनांबाहेर, लहान गावांत, समुद्रकिनाऱ्यांवर आणि जिल्ह्याच्या जत्रांमध्ये साच्याचे लाल रंगवलेले छोटे मग नि पेले विकले जायचे. जत्रेतच बसलेला कारागीर त्यावर गावाचं नाव, साल आणि गिऱ्हाइकाने सांगितलेलं नाव कोरून द्यायचा. ‘आईला’ एवढंच लिहिलेले मग आजही पुष्कळ सापडतात. मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. भांड्यांच्या दुकानात पितळेच्या तांब्यावर किंवा स्टीलच्या डब्यावर ‘यांजकडून सप्रेम भेट’, तारीख आणि नाव घालून मिळतं, तीच ही हौस. फरक एवढाच की तिथे देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जोडीला गावही कोरलं गेलं.

चार साक्षीदार

पेल्याचा काळ ठरवताना चार साक्षीदार बोलवावे लागतात : काच, रंग, चित्र आणि अक्षरं. एकाच्या जबानीवर निकाल द्यायचा नाही.

काच सांगते ती घडवण्याची रीत. साच्याची शिवण दिसते का, तळाला पेला धरायच्या सळईची खूण घासून गुळगुळीत केली आहे का, वजन किती. रंग सांगतो तंत्र. कोरलेल्या कडेवर भिंगातून बघितलं की मुरवलेला रंग केसापेक्षा पातळ दिसतो. दोन काचा एकावर एक चढवलेल्या असतील तर रंगाची जाडी सरळ दिसते. पिवळट-हिरवी काच अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी चमकली तर तिच्यात युरेनियम आहे. बोहेमियात योझेफ रीडेलने १८३० च्या दशकात अशी काच बाजारात आणली. पण ती पुढेही शंभर वर्षं होत राहिली, म्हणून ही खूण ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगते.

चित्राचंही तसंच. कार्ल्सबादच्या श्प्रूडेलवरचा लोखंडी मंडप १८७९ मध्ये झाला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास काढून टाकला गेला. योझेफ झीतेकचा दगडी खांबांचा म्यूल्ब्रुन मंडप १८८१ मध्ये पुरा झाला. चित्रातली सर्वांत नवी इमारत पेल्याची खालची मर्यादा ठरवते. वरची मर्यादा मात्र ती ठरवू शकत नाही, कारण जुनं छापील चित्र कारागीर पुढची कित्येक वर्षं वापरत राहायचे. कोलोनने तर खालची मर्यादाही डळमळीत केली. म्हणूनच इतर साक्षी हव्यात.

अक्षरं शेवटचा साक्षीदार. अमेरिकेच्या १८९० च्या मॅककिन्ली आयातकर कायद्यानंतर तिथे येणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. त्यामुळे ‘जर्मनी’ असा शिक्का बहुधा १८९१ नंतरचा. पण त्याहून बोलकं असतं ते गावाचं नाव. ‘आंडेंकेन’ म्हणजे जर्मन भाषेत आठवण. ‘आंडेंकेन आन् कार्ल्सबाद’ असं कोरलेला पेला ज्या गावाबद्दल बोलतो, ते गाव आज आहे, झरे आहेत, आणि २०२१ मध्ये युरोपातल्या अकरा थोर झरेगावांपैकी एक म्हणून त्याची युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदही झाली. पण दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे तीस लाख जर्मन भाषकांना घालवून देण्यात आलं. काचकारागिरांच्या गाब्लोन्झ गावच्या विस्थापितांनी बव्हेरियात नोयगाब्लोन्झ, म्हणजे नवं गाब्लोन्झ, वसवलं. सायलेशियातलं वार्मब्रुन हे काच कोरणाऱ्यांचं जुनं नावाजलेलं गाव आज पोलंडमध्ये आहे, आणि तेही दुसऱ्या नावाने. अशा मुलखांतून उठून गेलेल्या घराण्यांसाठी पेल्यावरचं नाव हा नकाशातून गेलेल्या गावाचा पत्ता असतो. ‘आपल्या गावाचेच पेले’ जमवणाऱ्या पंथाला संकुचित म्हणणारे मला म्हणूनच पटत नाहीत.

खोटं आणि दुरुस्त केलेलं

मी सुरुवातीला लाल रंगाचा, हरणं आणि किल्ला कोरलेला एक पेला ‘१८५० चा’ म्हणून घेतला. विकणाऱ्याने तसं सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला. घरी आणून तळ भिंगाखाली धरला तेव्हा चरे सगळे एकाच दिशेने, समांतर दिसले. दीडशे वर्षं फळीवर, टेबलावर, ओट्यावर सरकलेल्या पेल्याच्या तळावर चरे सगळ्या दिशांनी पडतात. ते कोणी ठरवून पाडत नाही. समांतर चरे सॅंडपेपरचे असतात. कोरीव कामही सगळीकडे एकाच खोलीचं होतं. पेला विसाव्या शतकातला होता. तसा माल बोहेमियात आजही होतो आणि तो सुंदरच असतो. खोटं होतं ते फक्त साल. त्यानंतर मी पेला आधी उलटा करून बघायला शिकलो.

कोटगासरच्या शैलीचे पेले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा पुन्हा केले गेले आहेत, तेव्हा मोठं नाव ऐकलं की सबूर धरावी. आणखी एक फसवणूक नजरेआड होते. कड फुटली की ती घासून खाली आणतात. अशा वेळी चित्राच्या वरची जागा कमी पडते, मनोऱ्याचं टोक कडेला टेकल्यासारखं दिसतं आणि सोनेरी पट्टा गायब असतो. टवका असलेला पेला मला यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

जतनाचे नियम थोडे आहेत. यंत्रात धुऊ नये. कोमट पाणी, मऊ कापड, खाली जाड टॉवेल. सोन्याच्या कडेला साबण घासू नये. पेल्यात पेला घालून ठेवू नये. मुंबई-कोकणच्या हवेत बंद कपाटात दमट हवा कोंडू देऊ नये, कारण काही काचा ओलाव्याने आतून धूसर होतात आणि मग त्या पूर्ववत होत नाहीत.

बघायला जायचं असेल तर जर्मनीतल्या पासाऊचं काच संग्रहालय बोहेमियन काचेसाठी अजोड आहे. प्राग आणि व्हिएन्नाची उपयोजित कलांची संग्रहालयं आणि अमेरिकेतलं कॉर्निंगचं काच संग्रहालयही तितकीच महत्त्वाची. आपल्या जवळ, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय काचेचा मोठा संग्रह आहे. तिथे एक दिवस घालवला की डोळ्याला रंगाची जाण येते.

कोणाचं मोल

आता मूळ प्रश्नाकडे. संग्रहालयांनी आणि ग्रंथांनी मोन, कोटगासर, बीमान यांना न्याय दिला आहे आणि तो हक्काचा आहे. पण जत्रेतल्या मगावरची नावं कुठल्या सूचीत नाहीत. ते मग एकेकटे विकले जातात, घरातल्या कागदांपासून, पत्रांपासून, फोटोंपासून तोडले जातात आणि मग ‘लाल काच, कोरीव नाव, उंची इतकी’ एवढीच त्यांची ओळख उरते. या छंदातलं सर्वांत मोठं नुकसान काच फुटण्याने होत नाही, गोष्ट सुटण्याने होतं. म्हणून प्रत्येक पेल्यात मी एक चिठ्ठी ठेवतो : कुठे मिळाला, कधी, कोणाच्या घरातून, विकणाऱ्याला काय ठाऊक होतं. आपल्या घरातल्या नावं घातलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीही एवढं तरी करावं. मोडीत जाण्याआधी त्यावरची नावं आणि तारखा वहीत उतरवून घ्याव्यात.

माझ्याकडे कार्ल्सबादचा एक सहा पैलूंचा मधाळ पिवळा पेला आहे. प्रत्येक पैलूवर एक जागा आणि खाली तिचं नाव : श्प्रूडेल, म्यूल्ब्रुन, मार्क्टब्रुन, डोंगरावरचा हिर्शेनश्प्रुंग वगैरे. चित्रकार अनामिक, काम बेताचं, बाजारात किंमत फारशी नाही. पण त्याची सोनेरी कड सगळीकडे सारखी झिजलेली नाही. श्प्रूडेलच्या चित्राच्या बरोबर समोरच्या बाजूला, ओठाएवढ्या रुंदीची, ती पार उडाली आहे. कोणीतरी रोज सकाळी त्याच बाजूने प्यायचं, झऱ्याचं चित्र समोरच्या लोकांकडे करून. घरी परतल्यावरही बरीच वर्षं तो पेला तसाच धरला गेला असावा. काही आठवड्यांच्या मुक्कामात सोनं इतकं झिजत नाही. त्या माणसाचं नाव पेल्यावर नाही. त्याची सही मात्र आहे.